शेअर फोल्डर एकविसाव्या मशीनला उघडेना

देवगडात हापूसचा सीझन तापला की आमच्या पॅकिंग शेडमधलं एकूण एक पीसी आणि टॅब एकाच शेअर फोल्डरवर तुटून पडतं. तो फोल्डर विंडोज १० प्रोवर. यंदा ऐन लोडिंगच्या वेळी 'आणखी कनेक्शन घेता येत नाही' असा एरर यायला लागला. सगळे वायफायच्या नावाने बोटं मोडत होते.

कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट कॉन्फिग सर्व्हर' टाकलं: कमाल युजर २०. कोण जोडलेलं आहे ते दाखवणाऱ्या 'नेट सेशन'मध्ये तर नुसते पडून असलेले टॅबही जागा अडवून बसलेले. रिकामं सेशन मुळात १५ मिनिटांनी तुटतं; ही वेळ ठरवणारं 'ऑटोडिस्कनेक्ट' सेटिंग ५ वर आणलं, तेवढ्यावर दिवस निभावला.

एकाने सिस्टिम फाईल पॅच करायला, म्हणजे विंडोजची फाईलच बदलून मर्यादा उठवायला सुचवलं. २००४ च्या विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक २ या अपडेटनंतर लोक तसं करायचे खरं, पण तिथली मर्यादा वेगळी, १० ची, आणि ती बाहेर जाणाऱ्या, अजून पूर्ण न जुळलेल्या कनेक्शनची होती. इथे २० उपकरणं ही लायसन्सचीच अट. पॅच चालला असता तरी करार मोडलाच असता. विंडोज सर्व्हर स्टँडर्ड घ्यावा, तर प्रत्येक युजरचं किंवा उपकरणाचं कॅल (जोडणी वापरायचं लायसन्स) वेगळं.

मग जुन्या डेस्कटॉपवर डेबियन ही लिनक्स सिस्टिम आणि विंडोजच्या मशीनना फोल्डर शेअर करून देणारं सांबा टाकलं. सांबा म्हणजे जीपीएल या मुक्त लायसन्सखालचं सॉफ्टवेअर, तिथे क्लायंटमागे लायसन्स नाही. यूपीएस मात्र नवा घ्यावा लागला. वळवाच्या पावसात आमच्याकडची लाईट कधी जाईल, नेम नाही.