परतीची वाट चुकू नये म्हणून

डोंगरात वाट चुकते ती बहुधा उतरताना, कारण चढताना पाठीमागे असलेला देखावा आपण पाहिलेलाच नसतो. उन्हाळ्यात स्वच्छ दिसणारी पायवाट पावसाळ्यानंतर कमरेएवढ्या गवतात बुडते, तर गवत वाळल्यावर गुरांच्या वाटा तिच्यात मिसळतात. त्यामुळे मागच्या मोसमातल्या आठवणीवर विसंबू नये.

१. वाटेला फाटा फुटला, ओढा ओलांडला किंवा झाडी संपून पठार लागले, की थांबून मागे वळावे आणि परतीच्या दिशेचे छायाचित्र घ्यावे.
२. चौकटीत न हलणारी खूण हवी, जसे की भेगाळलेला कातळ किंवा वाकड्या बुंध्याचे झाड. दगडांची रास पावसात ढासळू शकते.
३. उतरताना प्रत्येक फाट्यावर छायाचित्र समोरच्या दृश्याशी ताडून पाहावे. छायाचित्रावरील वेळेवरून किती चाल उरली आहे याचाही अंदाज येतो, आणि हिवाळ्यातल्या लहान दिवसांत तो फार मोलाचा ठरतो.

थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून फोन विमान मोडवर ठेवून आतल्या खिशात अंगालगत बाळगावा. दाट धुक्यात मात्र छायाचित्रांचा उपयोग होत नाही. तेव्हा धुके विरेपर्यंत थांबावे.