लिलावातली जुनी कॉर्व्हेट: बोलीआधी वीस मिनिटं

अमेरिकेत १९६३ ते ६७च्या कॉर्व्हेटला, म्हणजे शेव्हरोलेटच्या स्पोर्ट्स कारला, ‘मूळ इंजिन’ (कारखान्यात त्याच गाडीत बसवलेलं) एवढ्या दोन शब्दांवर मोठा भाव चढतो. ते शब्द कॅटलॉगात असतात, खात्री आपण करायची. लिलावापूर्वी गाड्या पाहायला ठेवतात तेव्हा टॉर्च आणि फोन घेऊन जा.

१. ग्लोव्ह बॉक्सच्या खाली चॅसी नंबरची पट्टी असते, तिचा फोटो काढा.

२. बॉनेट उघडायला सांगा. इंजिनच्या पुढच्या टोकाला, उजव्या (चालकाच्या सीटवरून पाहता) सिलिंडर हेडच्या लगेच पुढे, ब्लॉकवर म्हणजे इंजिनच्या मुख्य ढाच्यावर एक छोटा सपाट भाग असतो. चिंधीने पुसून वाचा. १९६७च्या गाडीत इथे चॅसी नंबरचे शेवटचे सहा अंक सापडायला हवेत.

३. अंक जुळले म्हणून लगेच खूश होऊ नका. टॉर्च आडवी धरा. कारखान्यातल्या पृष्ठभागावर केसासारख्या समांतर रेषा दिसतात. तो आरशासारखा गुळगुळीत असेल तर घासून नवे अंक ठोकल्याची दाट शंका घ्यावी.

४. आता गाडीखाली वाका. लोहचुंबक घरीच ठेवा, बॉडी फायबरग्लासची आहे. गंज लागतो तो आतल्या पोलादी सांगाड्याला, म्हणून पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांची मुळं आणि मागच्या चाकांपुढची चॅसी बघा. वरचा चकचकीत रंग काहीच सांगत नाही.

आपली कमाल बोली घरूनच कागदावर लिहून न्या, आणि लिलावाचं कमिशन त्यातच धरा: १० टक्के असेल तर ८०,००० डॉलरच्या बोलीवर ८,००० वेगळे, शिवाय कर आणि वाहतूक. गाडी सहसा ‘आहे त्या स्थितीत’ विकतात. हातोडा पडल्यावर परत घेत नाहीत.