अर्धवट पडलेली गोधडी पुन्हा हातात कशी घ्यावी

माझी एक गोधडी अडीच वर्षं दिवाणात पडून होती. त्याआधी मी दर हिवाळ्यात एक तरी पूर्ण करायचे. हौस गेली म्हटल्यावर सल्ले भरपूर मिळाले: मन होईल तेव्हा शीव, काही दिवस सुट्टी घे, नवं कापड आण म्हणजे हुरूप येईल. मी तिन्ही करून पाहिले. सुट्टी वाढत गेली. नागपूरच्या गांधीबाग कापडबाजारातून आणलेलं छान सुती कापड घडी न मोडता तसंच राहिलं, आणि दिवाण उघडला की दोन कामं डोळ्यांसमोर यायला लागली. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की नवं कापड आणू नका. जुनं गाठोडं सोडा.

मोसम बघून बसा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, घामाच्या बोटांतून सुई निसटते, कूलरसमोर बसलं तर कापड सर्द होतं. दसऱ्याची साफसफाई झाली की सुरुवात करावी, म्हणजे जानेवारीच्या थंडीत गोधडी अंगावर येते.

गोधडी धुऊ नका, फक्त अर्धा दिवस गच्चीवर उन्हात टाका. गंजलेली सुई फेका. जाड सुती दोरा, लांब सुई, अंगुस्तान आणि मेणाचा तुकडा जवळ ठेवा.

आता खरं काम. गोधडी फरशीवर पसरा आणि तुमचा शेवटचा टाका कुठे आहे ते शोधा. मग त्याच्या आजूबाजूला तळवा फिरवा. हौस मनातून जाते असं आपण म्हणतो, पण मी ज्या ज्या अर्धवट गोधड्या पाहिल्या, माझ्या आणि शेजारणींच्याही, त्यांत हात थांबला त्या जागी कापडात काहीतरी बिघडलेलं होतंच. कुठे थर इतके जाड की सुई शिरेना, कुठे ओळ वाकडी गेलेली. माझ्या गोधडीत मधोमध झोळ आला होता. कडेकडेने शिवत आत येत गेले तसं खालचं कापड पुढे ढकललं गेलं आणि मध्यभागी वीतभर जागेत चुण्याच चुण्या झाल्या. मी ते पाहिलं होतं. पाहून गोधडी गुंडाळून ठेवली होती, आणि पुढे स्वतःला सांगत राहिले की कंटाळा आला.

सासूबाईंनी तिथे बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे पाय, कापड सरकून राह्यलं." आतला थर चिमटीत धरून त्यांनी हलवला तर तो वेगळाच हलत होता. सुती लुगड्यांच्या मध्ये मी एक सिंथेटिक साडी घातली होती, टाकाऊ नको म्हणून. ती सुतासारखी कापडाला धरून बसत नाही, घसरते. माझं मत पक्कं आहे: थरांमध्ये सिंथेटिक घालूच नका, कितीही चांगली साडी असो. तिची पिशवी शिवा.

झोळ दाबून, वरून टाके घालून बसवता येतो असं सांगणाऱ्या बायका आहेत. त्यांचं ऐकू नका. तो पहिल्या धुण्यात पुन्हा वर येतो. उसवावंच लागतं. बिघडलेल्या जागेपासून बाहेरच्या दिशेने, चुण्या संपतात तिथपर्यंत. माझे पंधरा दिवसांचे टाके दोन दुपारी उसवण्यात गेले. पहिला दोरा ओढताना डोळ्यांत पाणी आलं, तिसऱ्या ओळीला मात्र हात हलका झाला. कापड सुटायला लागलं की बरं वाटतं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर अडीच वर्षं गेली नसती.

उसवल्यावर तो थर काढून मी तिथे जुनी चादर घातली. घरात ती नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या कापडाची म्हणून जपलेली होती. 1877 साली सुरू झालेली ती गिरणी कधीच बंद पडली, पण ते सूत धुऊन धुऊन इतकं मऊ झालं आहे की सुई आपोआप आत जाते.

मग कच्चा टाका, म्हणजे थर जागेवर धरून ठेवणारे तात्पुरते टाके, आणि इथे घाई केलीत तर सगळं पुन्हा बिघडेल. खालचं अस्तर फरशीवर सरळ करा, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवा. मी दोन वरवंटे आणि पिठाचे दोन डबे ठेवते. अस्तर नीट ताठ हवं, पण ताणलेलं नको. ताणलं तर वजन काढल्यावर ते आखडतं आणि वर चुण्या येतात. एकेक थर टाकताना तळव्याने मधून कडेकडे सपाट करत जा. कच्चा टाकाही मधूनच सुरू करायचा: आधी मध्यापासून चार बाजूंना, मग चार कोपऱ्यांकडे, मग मधल्या जागा भरा. दोन ओळींत चार बोटांपेक्षा जास्त अंतर नको. माझी मूळ चूक हीच होती. मी कडांवरून कच्चा टाका घालत आत आले होते, त्यामुळे सगळं सैल कापड मध्यभागी जमलं. कच्चा टाका बरोबर पडला असेल तर पक्के टाके आपल्या आजीसारखे कडेकडेने आत घाला किंवा सरळ ओळींत घाला, कापड जागचं हलत नाही.

थर चारच्या वर नेऊ नका.

पक्का धावदोरा तर तुम्हाला येतोच. दोरा हातभरच घ्या, मेणावरून एकदा ओढा.

पहिला आठवडा रोज एकच ओळ घाला, जास्त शिवावंसं वाटलं तरी. मी तिसऱ्याच दिवशी चार ओळी घातल्या आणि मानेने पुढचे दोन दिवस बसू दिलं नाही. जागाही ठरवून घ्या. मी दुपारच्या चहानंतर खिडकीपाशी बसते, तिरप्या उजेडात टाक्यांची सावली पडते आणि ओळ वाकडी गेली तर लगेच दिसते.

आणि उठताना ओळ संपवून उठू नका. मधेच थांबा, सुईत नवा दोरा ओवून, मेण लावून, सुई कापडातच टोचून ठेवा. तिच्या नेढ्यापाशी लाल चिंधी बांधा, म्हणजे घरातल्या कुणाला टोचणार नाही आणि दुसऱ्या दिवशी येता-जाता तुम्हालाही दिसेल.