अनुदानित संस्थेने कलम ४ ची माहिती कशी मांडावी

अनुदानावर वसतिगृह किंवा शाळा चालवणाऱ्या अनेक संस्था समजतात की माहिती अधिकार कायदा फक्त सरकारी कचेऱ्यांना लागू आहे. हा समज चुकीचा आहे. २००५ च्या या कायद्यानुसार सरकारकडून भरीव अर्थसाहाय्य मिळणारी बिगरशासकीय संस्थाही सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे माहिती देणं बंधनकारक असलेली संस्था, ठरते. भरीव म्हणजे निम्म्याहून जास्त असलंच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या निकालात सांगितलं. शहरात फुकट किंवा मोठ्या सवलतीत मिळालेली जमीनसुद्धा त्यात धरली जाऊ शकते. म्हणून आधी वर्षवार तक्ता करा: रोख अनुदान, शासनाने दिलेले पगार, जमीन, इमारत.

मग कार्यकारिणीत ठराव करून अर्जांना उत्तर देणारा जन माहिती अधिकारी नेमा, आणि त्याच्या उत्तराविरुद्धची तक्रार ऐकायला त्याच्याहून वरिष्ठ व्यक्ती प्रथम अपिलीय अधिकारी म्हणून. दोन्ही पदं सचिवांकडेच ठेवली तर अपिलाला अर्थच उरत नाही. माणूस बदलला की फलकावरचं नाव त्याच दिवशी बदला.

कलम ४(१)(ख) मध्ये, कोणी न मागता संस्थेने स्वतःहून जाहीर करायच्या १७ बाबी आहेत. कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन, अंदाजपत्रक आणि खर्च, अनुदान कार्यक्रमाची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील, या बाबी लोक खरोखर वाचतात. घोळही इथेच होतो. उपयोगिता प्रमाणपत्रात (अनुदान कसं खर्च झालं ते सरकारला कळवणाऱ्या कागदात) एक आकडा, लेखापरीक्षित जमाखर्चात दुसरा. बहुतेक वेळा कारण साधं असतं: मार्चमध्ये मंजूर झालेला हप्ता बँकेत एप्रिलमध्ये जमा होतो आणि दोन कागदांवर दोन वेगवेगळ्या वर्षांत दिसतो. अशा फरकाचा जुळवणी तक्ता सोबत लावा. केंद्राच्या अनुदानावरचं व्याज वेगळं दाखवा, ते सरकारला परत करायचं असतं. लाभार्थ्यांचे आधार क्रमांक आणि बँक खाती मात्र कधीही छापू नका.

अर्ज आला की आवक नोंदवहीत तारीख टाकून पोच द्या. महाराष्ट्रात अर्जाचं शुल्क १० रुपये, साध्या प्रतीचे पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तराला ३० दिवस मिळतात. प्रतींचे किती पैसे भरायचे ते कळवणारं पत्र पाठवल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत, पण म्हणून ते पत्र एकोणतिसाव्या दिवशी काढणं हा अर्जदारावर अन्याय आहे. पत्र पहिल्या आठवड्यातच पाठवा आणि त्यात पानांचा हिशेब लिहा. मुदत टळली तर माहिती फुकट द्यावी लागते. सबळ कारण नसेल तर माहिती आयोग दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड लावतो, आणि तो संस्थेच्या खात्यातून भरता येत नाही. तो माहिती अधिकाऱ्यालाच भरावा लागतो.

१७ बाबींची फाइल मराठीत करा, दरवर्षी अद्ययावत करा, पानावर तारीख घाला. संकेतस्थळ असेल तर तिथेही टाका, पण एक छापील प्रत कार्यालयात, कुलपाबाहेर ठेवा.