कुरणावर वाढलेल्या गुरांचं बीफ: घेताना काय विचारायचं, शिजवताना काय सांभाळायचं

‘ग्रासफेड’, म्हणजे गवतावर वाढवलेलं, हा शिक्का पाकिटावर दिसला की अर्धं काम झालं असं वाटतं. पण बीफसाठी वाढवलेलं बहुतेक प्रत्येक जनावर आयुष्याचे सुरुवातीचे महिने दूध आणि गवतावरच काढतं. खरा फरक पडतो तो शेवटच्या चार-सहा महिन्यांत. तेव्हा त्याला बंदिस्त जागेत ठेवून मका, बार्ली असं धान्य घातलं, तर ते झपाट्यानं चरबी धरतं आणि साधारण दीड वर्षाचं होईपर्यंत कापायला तयार होतं. अखेरपर्यंत चाऱ्यावरच ठेवलं तर दोन वर्षं किंवा त्याहून थोडं जास्त लागतं. महाग पडतं ते या वाढीव महिन्यांमुळे.

म्हणून विक्रेत्याला ‘गवत खातं का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘हो’च येणार. ‘शेवटचे शंभर दिवस काय खाल्लं?’ असं विचारा. वाळकं गवत किंवा मुरघास (हवाबंद ठेवून मुरवलेला चारा) असं उत्तर आलं तर हरकत नाही. कुरण हिरवं नसतं तेव्हा दुसरं घालणार काय? धान्याचं नाव निघालं तर तेही वाईट नाही, फक्त मग ग्रासफेडचा भाव देऊ नका.

जवळच्या शेतातलं म्हणजे गवतावरचं, असंही गृहीत धरू नका. सेंद्रिय म्हणजे गवतावरचं नाही, आणि गवतावरचं म्हणजे प्रतिजैविकं किंवा संप्रेरकं न दिलेलं असंही नाही. हे वेगवेगळे प्रश्न आहेत, ते वेगवेगळेच विचारावे लागतात. जवळून घेण्याचा मोठा फायदा हाच की हे विचारायला समोर माणूस असतो.

त्याला आणखी दोन गोष्टी विचारा. जनावर कुठे कापलं, आणि धड, म्हणजे सोलून आतडी काढलेलं जनावर, किती दिवस टांगलं? कत्तल कायदेशीर, तपासणी होणाऱ्या ठिकाणी झालेली हवी. गुरांबाबतचे कायदे ठिकाणागणिक बदलतात, ते आधी पाहून घ्या. शिवाय लांबच्या प्रवासानं किंवा धाकानं जनावर दमलं, तर स्नायूंमधली साखर आधीच संपते आणि मांसात पुरेसं आम्ल तयार होत नाही. असं मांस काळपट आणि चिकट दिसतं, लवकर खराबही होतं. टांगण्याचं म्हणाल तर शून्य ते चार अंश सेल्सिअसला 10 ते 14 दिवस चांगले. तेवढ्या काळात मांसातलीच एन्झाइम्स तंतू सैल करतात. ग्रासफेडच्या धडावर चरबीचं आवरण पातळ असतं, त्यामुळे ते फार दिवस टांगलं तर वाळून वाया जातं. दोन-तीन दिवसांत कापून पाकिटबंद केलेलं मांस मात्र मी टाळतो.

वजन आणि भाव

शेतकऱ्याकडून पाव, अर्धं किंवा अख्खं जनावर घेता येतं, आणि इथे हिशेब नीट कळला नाही तर भांडणं होतात. 500 किलोच्या जिवंत जनावराचं धड भरतं सुमारे 300 किलो. हाडं, जादा चरबी आणि टांगताना आटलेलं पाणी वजा जाता हाती येतं साधारण 190 ते 200 किलो. भाव धडाच्या वजनावर सांगितला असेल, तर पाकिटातल्या किलोला तो दीडपटीच्या आसपास जातो. कापणावळ त्यात धरली आहे की वेगळी, हेही आधीच ठरवा.

पाव जनावराचं मांस 45 ते 50 किलो होतं आणि त्याला फ्रीझरमध्ये 90-100 लिटर तरी जागा लागते. पाव म्हणजे कुठला पाव, हेही विचारा. पुढच्या भागात खांदा, सीना आणि मान, म्हणजे सावकाश शिजवायचं मांस. मागच्या भागात पाठ, अंडरकट (कण्याखालचं सगळ्यात मऊ मांस) आणि मांडी. बरेच जण दोन्हीकडचं मिसळून देतात आणि घरगुती वापराला तेच सोयीचं.

पहिल्यांदाच घेत असाल तर पाव जनावराच्या फंदात पडू नका. किलोभर खिमा आणि खांद्याचा एक मोठा तुकडा आणा. याची चव धान्यावरच्या मांसाहून जास्त गडद असते, तिच्यात गवताचा हलका वासही जाणवतो. सगळ्यांना ती रुचतेच असं नाही.

रंगावरून घाबरू नका. चरबी पिवळसर असेल तर तो गवतातल्या बीटा-कॅरोटीनचा रंग. हवाबंद पाकिटातलं मांस जांभळट दिसतं, कारण त्याला ऑक्सिजन मिळालेला नसतो. उघडून पाव ते अर्धा तास ठेवलं की लाल होतं. आंबूस वास किंवा बुळबुळीतपणा मात्र चालवून घ्यायचा नाही. आणि आहारात ओमेगा-3 हे स्निग्धाम्ल वाढावं एवढ्यासाठीच हे घेत असाल तर थांबा. धान्यावरच्या बीफपेक्षा ते यात जास्त असतं हे खरं, पण तेलकट माशांच्या मानानं अगदी थोडं.

शिजवण्याआधी

गोठवलेलं मांस फ्रिजमध्येच सुटू द्या. दोन किलोच्या तुकड्याला साधारण एक दिवस लागतो. ओट्यावर ठेवलं तर आतून बर्फ असतानाच बाहेरची बाजू तापते आणि जंतूंचं फावतं.

मीठ किलोला 12 ते 15 ग्रॅम, आदल्या रात्री चोळून उघडंच फ्रिजमध्ये ठेवायचं. मीठ आत मुरतं आणि वरची बाजू कोरडी होते. तेवढा वेळ नसेल तर तव्यावर टाकायच्या क्षणी लावा. मधली दहा-वीस मिनिटं सगळ्यात वाईट, कारण तेव्हा सुटलेलं पाणी वरच साचलेलं असतं. लिंबू किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवून मांस मऊ होत नाही, फक्त वरचा पापुद्रा पिठूळ होतो.

आच

ग्रासफेड बीफ वातड होतं अशी तक्रार ऐकू येते. बहुतेक वेळा तो आचेचा दोष असतो. स्नायूंच्या आतली चरबी कमी असल्यानं चुकीला वाव उरत नाही. दोन-तीन मिनिटं जास्त झाली की रस निघून जातो, आणि तो झाकायला चरबी नसते. मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्या. या सगळ्या खटाटोपात अंदाजापेक्षा त्याचाच उपयोग जास्त.

पाठीचे जाड तुकडे, म्हणजे स्टेक, करायचे तर तुकडा अडीच-तीन सेंटिमीटर जाड हवा. कागदानं टिपून कोरडा करा. जाड बुडाचा तवा कडक तापवा, थोडी चरबी किंवा तेल घाला, दोन्ही बाजूंना मिनिट-दीड मिनिट रंग येऊ द्या आणि लगेच आच मध्यमच्या खाली आणा. मग दर मिनिटाला उलटत राहा. अन्नसुरक्षेसाठी सुचवलेलं तापमान आतून 63 अंश, आणि उतरवल्यावर किमान 3 मिनिटं विश्रांती. अनेकांना 55 अंशांचं, आतून गुलाबी आवडतं. जंतू बहुधा अखंड तुकड्याच्या पृष्ठभागावरच असल्यानं निरोगी मोठी माणसं ती जोखीम घेतात. लहान मुलं, गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस जेवणार असेल तर 63 च पाळा. त्याच्या पुढे नेऊ नका. कापताना तंतूंची दिशा बघून आडवं कापा.

खिम्याला ही सूट नाही. दळताना पृष्ठभागावरचे जंतू आतवर मिसळतात, म्हणून तो 71 अंशांपर्यंत जायलाच हवा, मग जनावर कितीही चांगलं वाढलेलं असो. घेतानाच 15 ते 20 टक्के चरबी मागा. कोरडा खिमा मिळाला तर चमचाभर चरबी घाला.

खांदा, सीना आणि नळीच्या मांसाचं गणित उलटं. यांत कोलॅजन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर असतं. ते विरघळून जिलेटिन होतं तेव्हाच मांस मऊ लागतं, आणि त्यासाठी आतलं तापमान बराच वेळ नव्वदीत राहावं लागतं. दोन वर्षांच्या जनावराचं कोलॅजन अधिक चिवट असतं, म्हणून वेळही जास्त द्यावा लागतो. मोठे तुकडे करून थोडेथोडे परता. सगळे एकदम टाकले तर पाणी सुटून ते उकडतात. त्याच भांड्यात कांदा, लसूण, मिरी घाला, तुकड्यांच्या निम्म्यापर्यंत येईल एवढं पाणी ओता, झाकण लावा आणि 140 अंशांच्या ओव्हनमध्ये किंवा शेगडीवर अगदी मंद आचेवर तीन तास ठेवा. रस्सा खदखदायला नको, मधूनच एखादा बुडबुडा यावा. अडीच तासांनी काटा खुपसून बघा. अडकला तर आणखी अर्धा तास. मधल्या टप्प्यावर मांस आधीपेक्षाही घट्ट लागतं, तिथेच वैतागून उतरवू नका. कुकरमध्ये 35-40 मिनिटं पुरतात, पण वाफ आपोआप जिरू द्या. मांस रश्शातच निवू दिलं तर कोरडं पडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते जास्त चांगलं लागतं.

उरलेली पाकिटं उणे 18 अंशांवर ठेवताना प्रत्येकावर भाग आणि तारीख लिहा. खिमा तीन-चार महिन्यांत संपवा, अखंड तुकडे सहा ते बारा महिने चव टिकवतात. हाडं आणि पिवळी चरबी बहुतेक लोक शेतकऱ्याकडेच सोडून येतात, ती मागून घ्या. चरबी बारीक चिरून मंद आचेवर वितळवली आणि गाळून ठेवली की पुढच्या स्टेकला तेल लागत नाही.