ट ला ट लावताना

माझी पहिली मंगलाष्टकं मावसभावाच्या लग्नात गायली गेली. लग्न इंदूरला, वऱ्हाड पुण्याचं. दुसऱ्या कडव्यात एका ओळीच्या शेवटी नवरीची ‘लाज’ होती आणि खालच्या ओळीच्या शेवटी ‘महाराज’. आमच्याकडच्या कुणालाही काही खटकलं नाही. पंगतीत शेजारी बसलेल्या पुण्याच्या एका आत्याबाई मात्र म्हणाल्या, “छान लिहिलंस गं. पण लाज आणि महाराज कसं जुळवलंस?”

मी म्हटलं, “दोन्हीकडे ‘आज’ आहे की.”

त्यांनी दोन्ही शब्द सावकाश म्हणून दाखवले. लाजेतला ज दातांमागून घासत येतो, महाराजांमधला टाळूला जीभ टेकवून. लिहायला अक्षर एकच, ऐकायला दोन. आम्ही इंदूरचे, शाळा हिंदीतून, भाजीवाल्याशी घासाघीस हिंदीतून, मराठी फक्त उंबऱ्याच्या आत. आमच्या पिढीच्या तोंडात दोन ज उरलेच नव्हते. आजोबांच्या तोंडात होते, पण ते आम्हाला कधी ऐकू आले नाहीत.

त्या जेवणाला आता बारा वर्षं झाली. दिवसा हिशेबाचं काम करते आणि लग्नसराईत ओळखीपाळखीत मंगलाष्टकं, उखाणे, डोहाळजेवणाची गाणी लिहून देते. नव्याने लिहू लागलेल्या मुली विचारतात, यमक सुचत नाही तेव्हा काय करतेस. त्यांच्यासाठी हे.

आधी शब्द मोठ्याने म्हणा, दोनदा, आणि शक्यतो घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर. आज, लाज, साज, माज, खाज, आवाज ही एक टोळी. राज, ताज, समाज, महाराज ही दुसरी. हिंदीच्या कानाला सगळे एकच. च आणि झ यांचंही असंच आहे. ळ आणि ण तर आमच्याकडे सर्रास ल आणि न होतात, त्यामुळे ‘बाळ’ आणि ‘साल’ जुळले असं वाटतं. ऐकणारा सातारचा असेल तर नाही वाटणार. उलट कागदावर न दिसणारं यमकही असतं: ‘झाले’ लिहायचं आणि ‘झालं’ म्हणायचं ही आपली जुनी सवय, तेव्हा गाण्यात नक्की काय म्हटलं जाणार ते आधी ठरवा. ‘झालं’ म्हणणार असाल तर खाली ‘प्याले’ चालणार नाही.

आता शब्द शोधायचा कसा? मी शेपूट धरून ठेवते आणि डोकं बदलते. समजा ‘वाट’ हवं आहे. शेपूट ‘आट’. क पासून बाराखडीची वाट चालायची: खाट, घाट, चाट, छाट, ताट, थाट, दाट, पाट, भाट, लाट, हाट. एकही अक्षर वगळायचं नाही, निरर्थक निघालं तरी तोंडाने म्हणायचं, कारण ‘हाट’ हा शब्द मला ‘बाजारहाट’ आठवला म्हणूनच सापडला. मग दोन-तीन अक्षरी: पहाट, सपाट, अफाट, मोकाट, सुसाट, कपाट, विराट, भन्नाट.

आणि मग मराठीचं खरं कोठार उघडतं. कडकडाट, गडगडाट, लखलखाट, झगमगाट, किलबिलाट, कलकलाट, थयथयाट, तळतळाट, सुळसुळाट, भरभराट. आवाजाला किंवा हालचालीला ‘आट’ जोडला की नवा शब्द तयार. एका रात्री मी असे चाळीस लिहून काढले होते, राजवाड्यासमोरच्या दिवाळीच्या गर्दीवर काहीतरी करायचं होतं म्हणून. त्यातला एकच वापरला. चाळीस लिहिल्याशिवाय तो एक मिळाला नसता, कारण पहिले तीन शब्द (लाट, पहाट, दाट) सगळ्यांनाच सुचतात आणि ऐकणाऱ्यालाही ओळ पुरी व्हायच्या आत कळतात.

‘वाट’ला ‘पायवाट’ आणि ‘आडवाट’ लावू नका. तो तोच शब्द आहे, पायात चप्पल घालून आलेला.

शब्दकोशाचा इथे फार उपयोग नाही. मोल्सवर्थचा १८३१ चा कोश घ्या नाहीतर आजचा कुठलाही, शब्द पहिल्या अक्षराने लावलेले असतात आणि आपल्याला हवं असतं शेवटचं. संगणकावर शब्दांची यादी असेल तर प्रत्येक शब्द उलटा करून क्रम लावता येतो; शेवट सारखे असलेले शब्द मग शेजारी येऊन बसतात. मी हे केलंय, चालतं. पण त्या यादीत शब्दांची मूळ रूपंच असतात. ‘पाऊस’ला नेमकं यमक नाही असं मी दोन वर्षं छातीठोकपणे सांगत होते. कापूस आणि माणूस जवळ येतात, स्वर तेच, मधे एक व्यंजन जास्त. मग एका जुलैत आई दारातून भाच्याला ओरडली, “इतक्यात नको जाऊस, पाऊस आहे!” जाऊस, खाऊस, गाऊस. कोशात ‘जाणे’ सापडतं, ‘जाऊस’ नाही.

याच रूपांमध्ये एक चोरवाटही आहे. घरात, दारात, गावात, शहरात: ‘आत’ लावला की सगळं जुळतं. करतो, बसतो, लिहितो: ‘तो’ लावला की जुळतं. पण हे प्रत्ययाचं यमक झालं, शब्दाचं नाही. प्रत्यय झाकून बघा. ‘करतो’ आणि ‘धरतो’ मधला ‘तो’ झाकला तरी कर आणि धर जुळलेले राहतात. ‘करतो’ आणि ‘बसतो’ मध्ये मागे काही उरत नाही. गझल लिहिणारे याबाबत फार कडक असतात. त्यांच्याकडे काफियातला, म्हणजे यमकातला, न बदलणारा स्वर (अलामत) मतल्यातच, म्हणजे पहिल्याच शेरात ठरतो. वाट, लाट असं सुरू केलं की पुढे ‘नीट’ आणायला बंदी. मराठीत गझल रुजवणारे माधव जूलियन १८९४ मध्ये बडोद्यात जन्मले आणि भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी होते, हे मी आत्याबाईंच्या त्या पंगतीनंतर स्वतःला बऱ्याचदा सांगितलंय.

अर्धवट जुळणाऱ्या यमकाला मात्र नाकं मुरडू नका. वाट आणि काठ, साद आणि हात, रान आणि बाण. एका वर्गातली किंवा जवळच्या उच्चाराची व्यंजनं, स्वर तोच. गायचं असेल तर हे बेलाशक वापरा, कारण चालीत स्वर लांबतो आणि शेवटचं व्यंजन त्यात विरघळतं. वाचायच्या कवितेत तेच उघडं पडतं. उखाण्यात तर बिलकूल चालत नाही. तिथे समोरच्या बायका यमकाचीच वाट बघत बसलेल्या असतात. आणि सगळीकडे यमक हवंच असंही नाही. चार चरणांच्या मोठ्या अभंगात ते दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला असतं, चौथा मोकळा. ग्रंथातल्या ओवीत पहिले तीन जुळतात, शेवटचा आखूड चरण सुटा. दुसरं टोक बघायचं तर सतराव्या शतकातल्या वामन पंडितांना लोक ‘यमक्या वामन’ म्हणत. ते कौतुक होतं की चिमटा, हे म्हणणाऱ्यावर अवलंबून असावं.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे नावं. चिन्मय सोपा: लय, सय, सवय, परिचय. गेल्या मार्गशीर्षात मात्र एका मुलीला ‘कौस्तुभ’ हवा होता. त्याला नेमका एकच, ‘शुभ’, आणि तो तिच्या जावेने आधीच वापरलेला, जावेच्या नवऱ्याचं नाव कौस्तुभ नसतानाही! लोभ, सुलभ, नभ सगळे अर्धवट. दोन दिवस डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की नाव ओळीच्या शेवटी आणायची सक्ती माझी मीच केली होती. मराठीत वाक्य कसंही फिरवता येतं. नाव मधे सरकवलं, जुनी वही काढली, ‘आट’ची, आणि इंदूरचा सराफा, म्हणजे आमचा रात्रीचा खाऊबाजार, ओळीत आणला.

“सराफ्याच्या गर्दीत चुकले होते वाट,
कौस्तुभरावांचं नाव घेते, वाढा आता ताट.”

तिने पंगतीत घेतला. सासूबाईंनी लगेच विचारलं म्हणे, रात्री सराफ्यात कधी गेला होतात दोघं?