लाकडी सर्फबोर्डसाठी ग्लास क्लॉथ घेताना या चुका टाळा

जळगाव, धुळे किंवा भुसावळच्या बाजारात ‘फायबरचे सामान’ मागितले की दुकानदार बहुधा टाक्या, पत्रे आणि कूलरच्या कामाला लागणारी मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चादर) व तिच्या जोडीला पॉलिएस्टर रेझिन (नंतर कडक होणारे चिकट द्रव) पुढे करतो. ही मॅट त्या कामांसाठी योग्यच असते. लाकडी सर्फबोर्डवर रेझिनने बसवायच्या ग्लास क्लॉथऐवजी, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या विणलेल्या कापडाऐवजी, मात्र ती घेणे ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मॅटमधले तुटक धागे एका चिकट द्रव्याने एकत्र धरलेले असतात आणि ते द्रव्य पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रावकात विरघळते. इपॉक्सीत (दुसऱ्या प्रकारच्या रेझिनमध्ये) स्टायरीन नसल्यामुळे बाजारातली बहुतेक मॅट तिच्यात मऊ पडत नाही. ती बोर्डच्या गोलाईवर बसत नाही, भरमसाट रेझिन पिते आणि खालचे लाकूड झाकून टाकते. पॉलिएस्टर वापरून ही अडचण टळेल असे वाटते, पण पॉलिएस्टरची लाकडावरची पकड इपॉक्सीपेक्षा कमकुवत असते आणि लाकूड ओलाव्याने फुगू-आकसू लागले की थर सुटण्याची भीती राहते. म्हणून विणलेले कापड आणि इपॉक्सी हीच जोडी धरावी.

कापडाच्या वजनाबाबत घोळ होतो तो मापांमुळे. परदेशी बोर्ड-बांधणीच्या माहितीत 4 औंस आणि 6 औंस कापडाचा उल्लेख येतो. ते माप चौरस यार्डाचे असते आणि आपल्याकडच्या हिशेबात ते अनुक्रमे सुमारे 135 आणि 200 जीएसएम (ग्रॅम प्रति चौरस मीटर) होते. मॅटचे औंस मात्र चौरस फुटाचे असतात, त्यामुळे ‘दीड औंसाची मॅट’ प्रत्यक्षात 450 जीएसएमची निघते. मागणी नेहमी जीएसएममध्येच नोंदवावी. माल हातात आल्यावर 10 सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा नेमका कापून सराफाच्या काट्यावर ठेवावा; 200 जीएसएमचे कापड असेल तर त्याचे वजन 2 ग्रॅमच्या जवळ भरले पाहिजे. जळगावात अचूक काट्याची वाण नाही, तेव्हा ही तपासणी टाळण्याचे कारण उरत नाही.

वजन बरोबर आहे म्हणून कापडही बरोबर आहे, असे समजणे ही माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे, कारण तिचा पत्ता काम पूर्ण होत आल्यावरच लागतो. काचेचे धागे मागावर तुटू नयेत म्हणून त्यांवर खळ आणि तेलकट लेप असतो. लॅमिनेशनसाठीच्या, म्हणजे रेझिनने थर बसवण्याच्या, कापडावरून तो काढून त्याजागी रेझिनशी सांधा जोडणारा सायलेन लेप दिलेला असतो. पाइपांवर उष्णतारोधक म्हणून गुंडाळायचे किंवा वेल्डिंगच्या ठिणग्या अडवायचे कापड दिसायला जवळपास तसेच असते, पण त्यावर हा लेप असेलच असे नाही. त्यामुळे विक्रेत्याला ‘चांगले कापड आहे का’ असे न विचारता ‘यावर कोणती प्रक्रिया झाली आहे आणि ती इपॉक्सीला चालते का’ असे विचारावे आणि उत्तर तांत्रिक माहितीपत्रकात लेखी मागावे. ते देण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून दर कितीही कमी असला तरी पूर्ण माल घेऊ नये.

नमुना मिळाला की बोर्डच्या लाकडाच्याच घासलेल्या तुकड्यावर तो इपॉक्सीने बसवून पाहावा. योग्य कापड काही मिनिटांत जवळजवळ दिसेनासे होते. पांढरे धागे तसेच राहिले तर आधी रेझिन कमी पडले का, की ते घट्ट होऊ लागले होते, हे पाहावे. ताज्या, पुरेशा रेझिननेही पांढरेपणा जात नसेल तर दोष लेपाचा किंवा कापडाने धरलेल्या ओलाव्याचा समजावा. रेझिन पूर्ण कडक झाल्यावर पटाशीने कडा उचकटावी. थराबरोबर लाकडाची कुसळे निघाली तर सांधा पक्का आहे. लाकूड स्वच्छ, कोरडे उघडे पडले तर पकडच बसलेली नाही. सातपुड्याच्या सागाच्या पट्ट्या वापरणाऱ्यांनी ही चाचणी चुकवू नये, कारण सागातील नैसर्गिक तेल पकडीच्या आड येते आणि लावण्याआधी तो भाग ॲसिटोनने पुसून घ्यावा लागतो.

खान्देशातला उन्हाळा हा वेगळा विषय नसून खरेदीचाच भाग आहे. पारा 40 अंशांच्या वर असताना जलद हार्डनर (इपॉक्सीत मिसळून तिला कडक करणारा घटक) घेतला तर कापड भिजण्याआधीच भांड्यातले रेझिन तापून घट्ट होते, आणि तो दोष नाहक कापडावर येतो. इपॉक्सीबरोबर संथ हार्डनरच मागवावा. सकाळी काम केल्यास दिवस तापेल तशी लाकडातली हवा फुगून कापडाखाली बुडबुड्यांच्या रांगा उठतात. आधी नुसत्या रेझिनचा एक हात देऊन, संध्याकाळी तापमान उतरू लागल्यावर कापड बसवले की हा त्रास बराच कमी होतो.

कापड मुंबईहून किंवा सुरतेहून ट्रान्सपोर्टने मागवताना ते नळीवर गुंडाळूनच पाठवण्याची अट घालावी. घडी घातलेल्या कापडात धागे मोडतात आणि ती रेघ रेझिनखाली पांढरी, फुगीर दिसते. हाताने कितीही सारखी केली तरी ती पुरती जात नाही. मागणीपूर्वी पन्हा विचारावा. 2.7 मीटर लांब, 55 सेंटिमीटर रुंद बोर्डला 1 मीटर पन्ह्याचे कापड काठांवरून वळवायला पुरते. वर-खाली एकेक थर धरला तर दोन्ही बाजूंना 3-3 मीटर आणि उभे राहण्याच्या वरच्या बाजूला दुसरा थर हवा असल्यास आणखी 3 मीटर लागते. दर किलोचा सांगितला असेल तर 200 जीएसएम आणि 1 मीटर पन्ह्याला एका किलोत 5 मीटर कापड येते, असा हिशेब करून दोन विक्रेत्यांचे दर ताडून पाहावेत. सगळे कापड एकाच बॅचचे एकदमच घ्यावे, आणि उरलेला रोल प्लॅस्टिकमध्ये बंद करून ठेवावा, कारण धूळ व पावसाळी दमट हवा दोन्ही त्याला चालत नाहीत.